ब्लू बॅजचा अर्ज भरताना ‘चालतंय’ असं लिहू नका

ब्लू बॅज म्हणजे इंग्लंडात काउन्सिलकडून, म्हणजे स्थानिक पालिकेकडून, अपंग आणि आजारी माणसांना गाडी जवळ लावता यावी म्हणून मिळणारा परवाना. तो आजाराच्या नावावर मिळत नाही. संधिवात, पार्किन्सन्स, एमएस (मज्जासंस्थेचा आजार), सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार), हार्ट फेल्युअर, यातलं कुठलंही नाव लिहा, सोबत कन्सल्टंटचं, म्हणजे हॉस्पिटलमधल्या तज्ज्ञ डॉक्टरचं, पत्र जोडा, तेवढ्यावर काउन्सिल बॅज देत नाही. आणि तुमच्या आजाराचं नाव कधी कुणी ऐकलेलं नसलं, म्हणून तुम्ही बादही होत नाही. काउन्सिल बघते ते एवढंच: या आजाराने तुमचं चालणं, किंवा घराबाहेर पडून कुठे पोचणं, किती अवघड झालंय, आणि ते किती काळ तसंच राहणार आहे. हे मला पहिला अर्ज नाकारला गेल्यावर, वर्षभराने कळलं. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहिते आहे.

मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात, आहे. इंग्लंडात येऊन बावीस वर्षं झाली, त्यातली अकरा या दुखण्याबरोबर गेली. हाताची बोटं लोकांना दिसतात, पण खरा त्रास पायांचा आहे. सकाळी पाय जमिनीला टेकवला की बोटांच्या मुळाशी, तळव्याच्या पुढच्या भागात, खडी पसरल्यासारखी टोचते. अंग मोकळं व्हायला दोन तास जातात. काही दिवस त्यातल्या त्यात बरे असतात, काही दिवस बाथरूमपर्यंत भिंतीला धरून जावं लागतं.

पहिल्या अर्जात, आजाराचा चालण्यावर काय परिणाम होतो ते लिहायच्या चौकटीत मी दोन वाक्यं लिहिली होती. मराठीत सांगायचं तर, ‘थोडं अंतर हळूहळू जमतं. कधीकधी त्रास जास्त होतो.’ त्यात खोटं काही नव्हतं. आपण असंच बोलतो. कुणी विचारलं, कसं काय, की ‘चालतंय’. घोटा सुजून टम्म झालेला असताना ‘ठीक आहे’. दुखण्याचं रडगाणं गाऊ नये, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. नकाराचं पत्र आलं तेव्हा मला खूप राग आला होता. पुढे कधीतरी अर्जाची प्रत काढून वाचली, तेव्हा लक्षात आलं की ही दोन वाक्यं वाचून कुणालाही वाटेल, या बाईंचं ठीक चाललंय.

खाली जे लिहिलंय ते इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्येही ब्लू बॅज असतो, पण तिथले नियम थोडे वेगळे आहेत.

‘आपण काय अपंग आहोत का?’

हा प्रश्न आधी सोडवू, कारण आपल्यातली कितीतरी माणसं याच प्रश्नावर अडून अर्जच करत नाहीत. माझा भाऊ फोनवर म्हणाला होता, “अगं ताई, ते अपंगांचं असतं ना? तू कशाला?” मलाही तसंच वाटायचं. व्हीलचेअरचं चित्र असलेल्या जागेत व्हीलचेअरवरच्या माणसानेच गाडी लावायची, असा माझा समज होता.

ज्या कायद्यातून हा बॅज आला तो १९७०चा. त्याच्या इंग्रजी नावातच ‘क्रॉनिकली सिक’ हे शब्द आधी येतात आणि ‘डिसेबल्ड’ नंतर. म्हणजे जुनाट आजाराची माणसं पहिल्या दिवसापासून त्यात धरलेली आहेत. १९७१ साली बॅज सुरू झाला तेव्हा तो नारिंगी होता, २००० साली निळा झाला. आणि ३० ऑगस्ट २०१९ पासून इंग्लंडमध्ये बाहेरून न दिसणाऱ्या अडचणींसाठीही निकष स्पष्ट केले गेले, म्हणजे स्मृतिभ्रंश, ऑटिझम, तीव्र चिंताविकार अशांमुळे प्रवास करणं फार अवघड असेल तर. आजार दिसत नाही म्हणून संकोच करायचं कारण नाही.

दोन वाटा

पहिली वाट आपोआप पात्र होण्याची. तुम्हाला पिप, म्हणजे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट हा अपंगत्वाचा सरकारी भत्ता, मिळत असेल तर निर्णयाचं पत्र काढा आणि ‘मूव्हिंग अराउंड’ या भागात किती गुण आहेत ते बघा. ८ किंवा त्याहून जास्त असतील तर काउन्सिल तुमचं चालणं पुन्हा तपासत बसत नाही. ५० मीटरपेक्षा जास्त चालता येत नाही असं मान्य झालं की ८ गुण मिळतात. दुसरा भाग आहे प्रवासाचं नियोजन करण्याचा. तिथे नेमके ‘ई’ या वर्णनाखाली १० गुण असले, म्हणजे प्रचंड मानसिक ताण येतो म्हणून कुठलाच प्रवास करता येत नाही असं ठरलं असेल, तरीही आपोआप पात्रता आहे. इथे अक्षर महत्त्वाचं आहे, नुसता आकडा बघू नका. डीएलए या दुसऱ्या अपंगत्व भत्त्याचा गतिशीलतेचा वरचा दर मिळणारे, अंध म्हणून नोंद असलेले, आणि युद्धनिवृत्तांसाठीचा मोबिलिटी सप्लिमेंट मिळणारे लोकही याच वाटेने जातात.

आपल्या घरांत वारंवार होणारा एक गोंधळ सांगते. आईला किंवा सासऱ्यांना अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे वयस्कर माणसांच्या देखभालीसाठीचा भत्ता, मिळतो, म्हणून बॅजही आपोआप मिळेल असं मुलं धरून चालतात. तसं होत नाही. अटेंडन्स अलाउन्समध्ये चालण्याफिरण्याचा भागच नसतो, त्यामुळे त्या पत्रावरून चालण्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. पेन्शनच्या वयानंतर पिपचा नवा अर्जही करता येत नाही. म्हणजे उतारवयात आजार सुरू झालेल्या बहुतेक माणसांना दुसऱ्याच वाटेने जावं लागतं.

आणि व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी भत्ते घेता येणार नाहीत असं, लिहिलेलं असेल तर पिपच्या फंदात पडू नका, तो सार्वजनिक निधीत मोडतो. ब्लू बॅज हा पैशांचा भत्ता नाही.

दुसरी वाट म्हणजे तुमची परिस्थिती पाहून, तपासून निर्णय. माझा बॅज याच वाटेने आला. चालताच येत नसेल, दुसऱ्याच्या मदतीशिवाय किंवा काठी-वॉकरशिवाय चालता येत नसेल, दुखण्यामुळे, धापेमुळे किंवा लागणाऱ्या वेळेमुळे चालणं फार अवघड असेल, किंवा चालणंच तब्येतीला धोक्याचं असेल, तर अर्ज करायचा. दोन्ही हातांना गंभीर अपंगत्व असून नेहमी गाडी चालवणाऱ्या, पण पार्किंगची मशीन वापरू न शकणाऱ्या माणसांसाठी वेगळा निकष आहे. तीन वर्षांखालच्या, अवजड वैद्यकीय उपकरण सतत जवळ लागणाऱ्या बाळांसाठीही आहे.

अडचण निदान तीन वर्षं टिकणारी हवी. पाय मोडून प्लास्टर घातलंय, सहा महिन्यांत बरा होईल, यावर बॅज मिळत नाही. सामानाच्या पिशव्या उचलता येत नाहीत, यावरही नाही. मी पहिल्या अर्जात दुसऱ्या एका ठिकाणी पिशव्यांचाच पाढा वाचला होता. चालण्याबद्दल बोला.

अंगणातून पोस्टाच्या पेटीपर्यंत

आता सगळ्यात महत्त्वाचं. अर्जाला हात लावण्याआधी तुमचं चालणं मोजा. अंदाजाने सांगू नका, आपला अंदाज साफ चुकतो. कुणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की मी पाच मिनिटं सलग चालते.

आमच्या घराच्या फाटकापासून कोपऱ्यावर लाल पोस्टाची पेटी आहे. दुसऱ्या अर्जाआधी नवऱ्याने घरातली पाच मीटरची टेप फुटपाथवर टाकत टाकत ते अंतर मोजलं. दर पाच मीटरला खडूची रेघ. सत्तर मीटर भरलं. मग रविवारी सकाळी साडेदहाला, रोजची गोळी घेऊन, रोजचे बूट घालून, काठी घेऊन मी निघाले. तो घड्याळ लावून शेजारून चालत होता, मी त्याला बजावलं होतं की माझ्याशी बोलायचं नाही. पंचवीस मीटरवर शेजाऱ्यांची कमरेएवढी भिंत आहे, तिथे मी टेकले. मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं की मी तिथे रोज टेकते. पुढे अठ्ठावन्नाव्या मीटरवर दिव्याच्या खांबाला धरून उभी राहिले. पेटीला हात लावला तेव्हा चार मिनिटं दहा सेकंद झाली होती. धडधाकट माणसाला तेवढ्याला एक मिनिट लागतं. परत आल्यावर पाय उशीवर घेऊन चाळीस मिनिटं पडून राहिले आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर गेले नाही.

तुम्हीही असंच करा. घरापासून एखादी खूण ठरवा, अंतर मोजा, आणि पाच गोष्टी वहीत लिहा: कुठे थांबलात, का थांबलात, किती वेळ लागला, कशाचा आधार घेतलात, आणि नंतर काय झालं. ही शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात. चालून आल्यावर दिवसभर झोपून काढावा लागत असेल, तर तोही चालण्याचाच भाग आहे.

सरकारने काउन्सिलांना दिलेल्या सूचनांत ८० मीटरचा उल्लेख आहे. तेवढं अंतर फारसा त्रास न होता, बऱ्यापैकी वेगाने जात असाल तर चालणं ‘फार अवघड’ धरलं जाणं कठीण. पण नुसतं अंतर बघून निर्णय करत नाहीत. दुखणं, धाप, वेग, वेळ, चालण्याची ढब, वापरायची साधनं, हे सगळं बघायचं असतं. म्हणून ‘मी १०० मीटर जाते’ एवढं लिहून थांबाल तर स्वतःचं नुकसान कराल. ते १०० मीटर कसे जाता ते लिहा. आणि घरातल्या गालिच्यावरचं चालणं मोजू नका, बाहेरचं मोजा. चढ-उतार असलेला फुटपाथ वेगळा असतो.

चांगले आणि वाईट दिवस

ज्यांचा आजार खालीवर होतो, त्यांची ही खरी पंचाईत. माझ्यासारखे संधिवाताचे, एमएसचे, ल्यूपसचे, पार्किन्सन्सचे रुग्ण एका दिवशी बाजार करून येतात आणि दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलत नाही. अर्जात वाईट दिवसच लिहिला तर कुणीतरी तुम्हाला चांगल्या दिवशी बघतं आणि खोटारडं ठरवतं. चांगला दिवस लिहिला तर नकार येतो.

मी चार आठवडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज एक खूण केली: हिरवी, पिवळी किंवा लाल. हिरवी म्हणजे पेटीपर्यंत एकदाच थांबून. पिवळी म्हणजे दोनदा थांबून. लाल म्हणजे फाटकाच्या पुढे नाही. अठ्ठावीस दिवसांत हिरव्या सहा, पिवळ्या तेरा, लाल नऊ. मग अर्जात हेच आकडे घातले. चौकटीत लिहिलेलं साधारण असं होतं:

‘आठवड्यात तीन ते चार दिवस मी काठी घेऊन साधारण २५ मीटर चालल्यावर थांबते, कारण तळव्यात आणि घोट्यात टोचणारं दुखणं इतकं वाढतं की पाय टेकवत नाही. दीड-दोन मिनिटं भिंतीला टेकून मग पुढे जाते. ७० मीटरला चार मिनिटांहून जास्त लागतात. आठवड्यात दोन दिवस अजिबात बाहेर पडत नाही. एक-दोन दिवस बरे असतात, तेव्हाही एकदा थांबावं लागतं आणि नंतर पाऊण तास पडून राहते.’

बरा दिवस मी लपवला नाही. तो लिहिल्यानेच बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो असं मला मनापासून वाटतं. पिपसाठी अर्ज करत असाल तरी ही वही उपयोगी पडते. तिथे निम्म्याहून जास्त दिवस काय स्थिती असते ते बघतात, आणि एखादी गोष्ट सुरक्षितपणे, नीट, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात करता येते का, हेही.

आईवडिलांसाठी अर्ज भरताना

माझ्या मैत्रिणीच्या सासऱ्यांना सीओपीडी आहे. त्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो. अर्ज मुलगा भरत होता, अप्पा सोफ्यावर बसून उत्तरं देत होते. “अप्पा, चालताना त्रास होतो?” “थोडा होतो रे, वयच झालं आता.” मुलाने भाषांतर केलं: थोडा त्रास, वयोमानानुसार. मी तिथेच बसले होते, मला राहवलं नाही. मी विचारलं, “अप्पा, देवळात जाताना गाडीपासून दारापर्यंत किती वेळा थांबता?” ते म्हणाले, “तीनदा. धाप लागते ना. बोलता येत नाही तेव्हा. बुटाची लेस बांधायचं नाटक करतो, म्हणजे लोकांना वाटत नाही.” मुलगा पेन हातात धरून बापाकडे बघत राहिला. त्याला हे माहीत नव्हतं.

म्हणून आईवडिलांना ‘त्रास होतो का’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘थोडा’ असंच येतं. ‘कुठे थांबता, किती वेळा थांबता, थांबल्यावर काय करता’ असं विचारा. त्यांच्याबरोबर गाडीपासून दारापर्यंत एकदा त्यांच्या वेगाने चाला, आपण पुढे जाऊन दार धरून उभे राहतो ते सोडून.

आणि आधी मराठीत लिहून घ्या. दुखण्यासाठी आपल्याकडे जेवढे शब्द आहेत तेवढे वापरा: कळ येते, ठणकतं, चमक निघते, गोळा येतो, मुंग्या येतात, पाय बधिर होतो, धाप लागते, घेरी येते, तोल जातो. प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे आणि प्रत्येकाचा चालण्यावरचा परिणामही वेगळा. ‘कळ येते’ म्हणजे जागच्या जागी थांबावं लागतं. ‘बधिर होतो’ म्हणजे पाय कुठे पडतोय ते कळत नाही, म्हणजे पडण्याचा धोका. हे सगळं इंग्रजीत ‘पेन’ या एका शब्दात कोंबलं की आईच्या दुखण्यातलं निम्मं कागदावर येतच नाही. एकेक शब्द उलगडून, तेव्हा काय होतं ते इंग्रजीत लिहा.

स्मृतिभ्रंश झालेल्या आईसाठी अर्ज करत असाल तर अंतर मोजण्यात वेळ घालवू नका. ती रस्त्यात हात सोडून गाड्यांकडे जाते का, पार्किंगमध्ये घाबरून खाली बसते का, तुम्ही जवळ असूनही तिला आवरणं कठीण होतं का, आणि हे किती वेळा होतं, ते लिहा. घडलेल्या दोन-तीन घटना तारखेसकट दिल्या तर उत्तम.

कागदपत्रं

याला फार वेळ लागत नाही. ओळखीचा पुरावा, गेल्या बारा महिन्यांतला पत्त्याचा पुरावा (काउन्सिल टॅक्सचं बिल चालतं), अलीकडचा फोटो, नॅशनल इन्शुरन्स नंबर. औषधांची यादी मात्रेसकट. कुठल्या तज्ज्ञांकडे जाता, काय शस्त्रक्रिया झाल्या, पुढे कुठल्या ठरल्यात. काठी किंवा वॉकर कुणी दिला, फिजिओने की तुम्ही स्वतः विकत घेतला, हेही विचारतात.

कन्सल्टंटची पत्रं जोडताना आधी स्वतः वाचा. ‘रुग्णाची प्रकृती स्थिर’ असं लिहिलेल्या पत्रापेक्षा, ‘दोन्ही पायांच्या सांध्यांची झीज, चालण्यावर मर्यादा’ असं लिहिलेलं दोन वर्षांपूर्वीचं पत्र जास्त कामाचं. जीपीकडून, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडून, ‘यांना बॅज द्यावा’ अशी एक ओळ लिहून आणण्यात अर्थ नाही, निर्णय जीपीचा नसतो.

अर्ज गव्ह डॉट यूके या सरकारी साइटवर किंवा थेट काउन्सिलकडे करा. इंग्लंडमध्ये फी जास्तीत जास्त १० पाउंड, स्कॉटलंडमध्ये २०, वेल्समध्ये काहीच नाही. याहून जास्त मागणारी साइट दिसली तर बंद करा. निर्णयाला बारा आठवडे किंवा अधिकही लागू शकतात.

तपासणीला बोलावलं तर

कागदांवरून स्पष्ट होत नसेल तर काउन्सिल तज्ज्ञाकडे पाठवते, बहुधा फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे. घाबरू नका, पण आपल्या काही सवयी घरी ठेवून जा.

मी तपासणीला गेले तेव्हा दार उघडून त्या बाई आल्या आणि मी सवयीने पटकन उठून उभी राहिले, हसून नमस्कार केला. मोठ्या माणसासमोर बसून राहायचं नाही, एवढंच डोक्यात. त्या पटकन उठण्याने गुडघ्यात चमक निघाली, ती मी चेहऱ्यावर दिसू दिली नाही. पुढे कॉरिडॉरमध्ये त्या म्हणाल्या, “तुम्ही एरवी जिथे थांबाल तिथे थांबा.” मी थांबत नव्हते. वाटत होतं, बाई वाट बघतायत, त्यांचा वेळ जातोय. मग नवरा मागून मराठीत म्हणाला, “अगं, भिंत गेली तुझी.” तेव्हा मी थांबले आणि त्यांना सगळं खरं सांगितलं, उठतानाची चमकसुद्धा. त्यांनी शांतपणे लिहून घेतलं.

म्हणून तुम्हाला सांगते: रोजची औषधं रोजच्याच वेळी घ्या, ‘आज नीट जमावं’ म्हणून जास्तीची गोळी नको. रोजचे बूट, रोजची काठी. थांबावंसं वाटलं की थांबा. दुखलं की दुखतंय असं तोंडाने सांगा, बघणाऱ्याला ते दिसतंच असं नाही. गाडीपासून खोलीपर्यंत कसे आलात तेही सांगा. आणि नाटक करू नका. त्या लोकांनी शेकडो माणसांची चाल पाहिलेली असते, आणि तुमच्या खऱ्या चालण्यात सांगण्यासारखं पुरेसं असतं. इंग्रजी येत नसेल तर दुभाष्याची सोय आहे का ते आधीच विचारा, आणि घरचं कुणीतरी बरोबर न्या, पण उत्तरं त्याने देऊ नयेत.

नकार आला तर

पत्रात कारण दिलेलं असतं, ते शब्दशः वाचा. मग काउन्सिलला लेखी कळवा की फेरविचार करावा, आणि त्या कारणाला उत्तर देणारं काहीतरी नवं जोडा: मोजलेलं अंतर, कॅलेंडर, नवं पत्र. तेच कागद पुन्हा पाठवून उपयोग नाही. पिपसारखं इथे स्वतंत्र ट्रिब्युनलकडे अपील नसतं. काउन्सिलने प्रक्रिया चुकीची केली असेल तर लोकपालाकडे तक्रार जाते, पण तो तुमचं चालणं नव्याने तपासत नाही. तब्येत पुढे बिघडली तर नवा अर्ज करता येतो. मी केला तसा करा, पण माझ्यासारखे सहा महिने रुसून बसू नका.

बॅज हातात आल्यावर

बॅज माणसाचा असतो, गाडीचा नाही. तुम्ही चालक असा की शेजारी बसलेले, मुलाची गाडी असो की टॅक्सी, तुम्ही त्या प्रवासात असाल तेव्हा तो वापरता येतो. तुम्ही घरी असताना मुलगा तुमचा बॅज लावून बाजारात गेला, तर तो गुन्हा आहे आणि १००० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या घरांत हे ‘आईचंच तर सामान आणतोय’ म्हणून सहज घडतं. मुलांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

बॅजबरोबर पुठ्ठ्याचं निळं घड्याळ येतं. रस्त्याच्या कडेला, एरवी गाडी लावायला बंदी दाखवणाऱ्या पिवळ्या रेघेवर, एकेरी असो की दुहेरी, इंग्लंडमध्ये तीन तासांपर्यंत गाडी लावता येते, पण घड्याळावर पोचल्याची वेळ लावून ते बॅजशेजारी काचेत दिसेल असं ठेवावं लागतं. माझ्या बोटांना ती तबकडी फिरवणं थंडीत जड जातं, म्हणून घरून निघायच्या आधीच पोचायच्या वेळेच्या जवळपास फिरवून ठेवते आणि तिथे थोडी सरकवते. फुटपाथच्या कडेला आडव्या पिवळ्या खुणा असतील तर तिथे माल चढवण्या-उतरवण्यावर बंदी असते, तिथे बॅज चालत नाही. निघून गेल्यावर तासाभरात परत त्याच रस्त्यावर पिवळ्या रेघेवर येता येत नाही. स्कॉटलंडला गेलात तर तिथे तीन तासांची मर्यादा नाही.

हॉस्पिटल, सुपरमार्केट, खाजगी कार पार्क यांचे नियम त्यांचे त्यांचे. बॅज आहे म्हणून पैसे पडणार नाहीत असं समजू नका, पाटी वाचा. मध्य लंडनमध्ये, म्हणजे सिटी ऑफ लंडन, वेस्टमिन्स्टर, केन्सिंग्टन अँड चेल्सी आणि कॅम्डेनच्या काही भागात, ही योजना पूर्ण लागू नाही. मध्य लंडनमध्ये गाडी नेण्यासाठी पडणारा कंजेशन चार्ज बॅजधारकांना माफ होतो, पण त्यासाठी आधी नोंदणी करावी लागते.

बॅज जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो आणि मुदत संपली की तो आपोआप वाढत नाही, पुन्हा अर्ज करावा लागतो. मुदतीच्या निदान तीन महिने आधी सुरुवात करा. माझा पुढच्या ऑक्टोबरात संपतो. जुलैच्या पानावर मी आत्ताच लिहून ठेवलंय: पोस्टाची पेटी, रविवारी साडेदहा, घड्याळ लावून.